‘चोर दारातच अडवला तर घरात पहारा कशाला?’

पत्र (थोडं कापून):

नमस्कार. माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, घरात हे फक्त मला माहीत आहे. टीएलडीची गोळी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली) रोज रात्री घेतो, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) गेल्या कित्येक रिपोर्टमध्ये अनडिटेक्टेबल आहे. आता त्याने कुठेतरी वाचलंय की व्हायरसला पेशीला चिकटूच न देणारी गोळी निघालीये. म्हणतो, ‘चोर दारातच अडवला तर घरात पहारा कशाला, जुनी बंद करतो, नवीन मिळेपर्यंत थांबतो.’ परवापासून त्याने गोळी घेतलेली नाही. वर एकाने त्याला ‘एंट्री ब्लॉकर’ नावाच्या कॅप्सूल देऊ केल्यात, नैसर्गिक आहेत आणि तेच काम करतात म्हणे. मी काही बोलले की चिडतो. तो म्हणतोय त्यात तथ्य आहे का? ट्रोपिझम टेस्ट करून घ्यायची का? आणि आम्ही एकाच घरात राहतो तर ती नवीन गोळी मी पण घ्यावी का?
— एक ताई

ताई, बाकी सगळं नंतर, आधी आज रात्रीची गोळी त्याला घ्यायला लावा. दोन चुकल्या म्हणून आज तीन घ्यायच्या नाहीत, एकच घ्यायची, नेहमीच्या वेळेला, आणि उद्या त्याच्या डॉक्टरांना नाहीतर काउन्सेलरला फोन करून सांगायचं की दोन डोस गेलेत. दोन दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण दोनाचे दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि औषध पूर्ण बंद केलं की बहुतेकांचा व्हायरस दोन ते चार आठवड्यांत परत रक्तात दिसायला लागतो. शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टीएलडीमधले टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन हे दोघं हिपॅटायटिस बी वर पण काम करतात, त्यामुळे त्याला ते इन्फेक्शन असेल (आणि पुष्कळांना ते असूनही कळलेलं नसतं) तर गोळी अचानक बंद केल्यावर लिव्हरला जोरात सूज येऊ शकते. ही टेस्ट झालेली आहे का तेवढं त्याच फोनवर विचारून घ्या.

आता त्याच्या वाचनाबद्दल. त्याने वाचलंय ते खोटं नाहीये, अशी गोळी खरंच आहे. फॉस्टेमसाविर नाव तिचं, ब्रँडनेम रुकोबिया, अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२० मध्ये मंजूर केली. म्हणजे ‘आत्ताच निघाली’ असंही नाही, आणि या घराण्यातला पहिला रेणू तर २००३ च्या सुमारालाच शास्त्रज्ञांनी मांडला होता. तुमचा भाऊ मूर्खासारखं बोलत नाहीये हे त्याला आधी सांगा, कारण अर्धं भांडण तिथेच संपेल. गडबड त्याच्या माहितीत नाही, त्यावरून त्याने जो निष्कर्ष काढलाय त्यात आहे.

ही गोळी नेमकं काय करते ते मला जरा सविस्तर सांगू दे, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो आणि तुम्हाला त्याच्याशी बोलायलाही उपयोगी पडेल. एचआयव्हीच्या अंगावर प्रोटीनचे काटे असतात, फार नाही, एका व्हायरसवर सरासरी डझनभरच. त्या काट्याचा बाहेरचा भाग म्हणजे जीपी१२०, तीन मिळून एक काटा. हा जीपी१२० आपल्या इम्यून पेशीवरचा सीडी४ रिसेप्टर, म्हणजे पकड घ्यायची जागा, पकडतो, आणि पकडला की स्वतःचा आकार बदलतो, उलगडतो, मग त्याला दुसरी पकड घेता येते, सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या रिसेप्टरची, आणि त्यानंतर आतला जीपी४१ पुढे सरसावतो आणि व्हायरसचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवून टाकतो. झालं, आतला माल पेशीत. म्हणजे भाऊ ज्याला एक दार म्हणतोय तिथे ओळीने तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी औषध आणून ठेवलेलं आहे. २००३ मध्ये एन्फुव्हिर्टाइड आलं, ते शेवटच्या पायरीवर, पण ते इंजेक्शन आणि तेही दिवसातून दोनदा टोचायचं, लोक वैतागून जायचे. २००७ मध्ये मॅराव्हिरॉक, ते आपल्याच पेशीवरच्या सीसीआर५ वर जाऊन बसतं. २०१८ मध्ये इबालिझुमॅब, ती अँटिबॉडी, सीडी४ ला धरते, दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावी लागते. आणि मग फॉस्टेमसाविर, थेट व्हायरसच्या जीपी१२० ला जाऊन भिडणारी आणि तोंडाने घेता येणारी पहिली गोळी.

तिची गंमत बघा. जीपी१२० च्या नावातला १२० हा त्याच्या वजनाचा आकडा, एक लाख वीस हजार डाल्टन. औषधाचा रेणू पाचशेच्या आतला. एवढंसं ते एवढ्या मोठ्या प्रोटीनला सीडी४ पासून कसं काय रोखणार? सीडी४ जिथे चिकटतो ती जागा झाकून टाकणं शक्यच नाही, ती फार पसरट आहे. मग हा रेणू करतो काय तर त्या जागेच्या शेजारी, प्रोटीनच्या एका वळणाखाली जी खाच आहे तिच्यात जाऊन बसतो आणि जीपी१२० ला मिटलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतो. सीडी४ ला धरायचं तर थोडं हलावं लागतं, आकार बदलावा लागतो, आणि हलताच येत नाही म्हटल्यावर पकड बसत नाही. बरं, आपण गिळतो ती फॉस्टेमसाविर म्हणजे खरं औषध नव्हेच. मूळ रेणू टेमसाविर, तो पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून त्याला फॉस्फेटचं शेपूट लावलंय, आणि ते शेपूट आतड्याच्या अस्तरावरचं अल्कलाइन फॉस्फटेज एंझाइम तोडतं, मग टेमसाविर रक्तात जातं. ती गोळी चघळायची नाही, तोडायची नाही, कुटायची नाही, अख्खीच गिळायची, आणि तिला व्हिनेगरसारखा हलका वास येतो, तो खराब झाल्याचा नसतो.

अगदी शेजारची एक गोष्ट सांगते, कारण ‘चिकटू न देणारं’ हे ऐकायला जितकं सोपं तितकं करायला नाहीये. सीडी४ पकडला जातो तेव्हा त्याचं एक टोक, ४३ व्या नंबरचं फेनिलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल, जीपी१२० मधल्या एका पोकळीत शिरतं. शास्त्रज्ञांनी विचार केला की ही पोकळीच बुजवून टाकू. एनबीडी-५५६ नावाचा रेणू सापडला, २००५ च्या सुमाराला, बरोबर त्या पोकळीच्या दारात बसणारा. आणि झालं काय तर जीपी१२० ला वाटलं सीडी४ च आलाय. तो उलगडला. लॅबमध्ये असं दिसलं की ज्या पेशींवर सीडी४ नाहीच, फक्त सीसीआर५ आहे, तिथेही या रेणूमुळे व्हायरस आत शिरतोय! म्हणजे अडवायला गेलेल्याने आतून कडी काढून दिली. पुढे त्याच्याच वंशातले सुधारलेले रेणू बनले, बीएनएम-III-१७० वगैरे, ते काट्याला वेळेआधीच उलगडायला लावतात म्हणजे तो वाया जातो, शिवाय उलगडल्यामुळे आपल्या अँटिबॉडींना एरवी लपलेले भाग दिसतात. माकडांवरचे निकाल चांगले आहेत पण गोळी म्हणून ते अजून कुठेही मिळत नाहीत. हे सगळं सांगायचं कारण, कुणी ‘एंट्री ब्लॉकर’ असं लेबल लावून कॅप्सूल विकायला लागला की मला धडकीच भरते, पण त्यावर पुढे येते.

मग ही फॉस्टेमसाविर कुणासाठी आहे? ज्यांच्या व्हायरसला बहुतेक सगळ्या औषधांचा रेझिस्टन्स आलाय आणि डॉक्टरांच्या हातात पर्यायच उरले नाहीत, अशांसाठी. मंजुरीतच तसं लिहिलंय, आणि इतर औषधांच्या जोडीला द्यायची असंही लिहिलंय, एकटी नाही. तिची मोठी ट्रायल ब्राइट नावाची, त्यातल्या मुख्य गटात २७२ माणसं होती, सगळी अशी की जुनी औषधं हरलेली, बहुतेकांचा सीडी४ काउंट (रक्तातल्या सीडी४ वाल्या इम्यून पेशींचा आकडा) २०० च्या खाली. पहिले आठ दिवस जुनी फेल गेलेली औषधं तशीच ठेवून काहींना फॉस्टेमसाविर जोडली, काहींना नुसती दिखाऊ गोळी. आठ दिवसांनी फॉस्टेमसाविर गटात व्हायरल लोड सरासरी ०.७९ लॉगने उतरला, दुसऱ्या गटात ०.१७. लॉगचा हिशोब बाजूला ठेवू, साध्या भाषेत व्हायरस साधारण सहा पटीने कमी झाला.

सहा पट! ऐकायला भारी वाटतं ना? आता भावाला हे गणित करायला लावा. समजा एखाद्याचा लोड एक लाख आहे, सहाने भागा, सोळा-सतरा हजार उरले. अनडिटेक्टेबल व्हायला ४० च्या खाली जायचंय, म्हणजे अडीच हजार पट उतरायला हवं. आठच दिवस होते हे मान्य, पण म्हणूनच नवव्या दिवसापासून सगळ्यांना फॉस्टेमसाविरबरोबर जी काही चालू शकणारी औषधं उरली होती ती निवडून जोडून दिली, आणि तेव्हा कुठे ९६ आठवड्यांनी त्या गटातले ६० टक्के लोक ४० च्या खाली आले, सीडी४ काउंटमध्ये सरासरी दोनशेहून जास्त भर पडली. ज्यांच्याकडे काहीच शिल्लक नव्हतं त्यांच्यासाठी हा निकाल मोठाच आहे, मी त्याला अजिबात कमी लेखत नाही. पण तुमचा भाऊ ऑलरेडी तिथे आहे जिथे पोचायला ती माणसं दोन वर्षं धडपडत होती, आणि तोही रोजच्या एका गोळीवर.

एकटी का पुरत नाही, तर जीपी१२० हा या व्हायरसचा सगळ्यात जास्त रूप बदलणारा भाग. कॉपी काढताना एचआयव्ही सतत चुका करतो, त्यातली एखादी चूक नेमकी त्या खाचेच्या आसपास झाली की टेमसाविर नीट बसत नाही. काही प्रकारांवर तर ती मुळातच चालत नाही, एचआयव्ही-२ वर नाही, आणि एचआयव्ही-१ मधल्या एई नावाच्या उपप्रकारावरही नाही. म्हणून कुठलाही शहाणा डॉक्टर एकट्या अशा गोळीच्या भरवशावर पेशंटला सोडणार नाही.

आता मुख्य मुद्दा, चोर आणि दार. भावाचं म्हणणं असं की आत येऊच दिलं नाही तर प्रश्न मिटला. अरे पण चोर कधीच घरात आलाय ना! एचआयव्ही एकदा पेशीत शिरला की स्वतःचा जीन आपल्या डीएनएमध्ये घुसवून टाकतो, आणि अशा काही पेशी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात, व्हायरस बनवत नाहीत, औषधाला दिसत नाहीत, आपल्या इम्यून सिस्टिमलाही दिसत नाहीत. या लपलेल्या साठ्याचं मोजमाप झालेलं आहे, चांगली औषधं अखंड चालू असताना तो निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात. निम्मा! संपायला नव्हे. अशा दहा लाख पेशी आहेत असं धरलं आणि निम्मे-निम्मे करत गेलं तर सत्तरच्या वर वर्षं होतात. आणि हे कधी, तर एकही नवीन पेशी इन्फेक्ट होत नाहीये असं गृहीत धरून. म्हणजे दार शंभर टक्के बंद करणारी गोळी जरी उद्या मिळाली तरी साठा तिथेच राहणार, गोळी सोडली की त्यातली एखादी पेशी जागी होणार आणि परत पहिल्यापासून सुरू.

आणि त्याच्या नजरेतून सुटलंय ते असं की तो आत्ता घेतोय ती टीएलडी सुद्धा नवीन पेशींना इन्फेक्शन होऊ न देण्याचंच काम करते, फक्त एक-दोन पायऱ्या पुढे. टेनोफोविर-लॅमिव्ह्युडिन व्हायरसच्या आरएनएचा डीएनए बनू देत नाहीत, डोल्युटेग्राविर तो डीएनए आपल्या डीएनएमध्ये घुसू देत नाही. व्हायरस पेशीला चिकटला, आत शिरला, पण पुढे काहीच करू शकला नाही, तर ती पेशी वाचलीच की. दारात अडवला काय आणि ओसरीवर अडवला काय, तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्ये तो आकडा अनडिटेक्टेबलच दिसणार. त्याला फॉस्टेमसाविर देऊन त्याहून खाली काय नेणार?

उलट व्यवहाराने बघा. आज एक गोळी, दिवसातून एकदा. फॉस्टेमसाविर ६०० मिलिग्रॅमची, सकाळी एक संध्याकाळी एक, आणि बाकीच्या गोळ्या आहेतच. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू करावं लागलं तर ही चालतच नाही, रिफाम्पिसिन तिला रक्तात टिकू देत नाही. फिटच्या काही गोळ्यांबरोबरही नाही चालत, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन. हार्टच्या ठोक्याचा ईसीजीतला क्यूटी नावाचा टप्पा लांबलेला असेल तर सांभाळून. मळमळ होते काहींना. ज्याला दुसरा इलाज नाही तो हे सगळं आनंदाने करेल, पण चाललेलं छान औषध सोडून कुणी यात का पडावं, मला तरी कळत नाही.

खरं सांगू का ताई, तुमचं पत्र वाचून मला वाटलं की त्याला नवीन गोळी हवीये असं नाहीये, त्याला रोजच्या गोळीचा कंटाळा आलाय. रोज रात्री ती डबी उघडली की आठवण होते, घरात लपवून घ्यायची, कुणी विचारलं तर काय सांगायचं. चिडतो तो यावर, तुमच्यावर नाही. तेव्हा त्याला ‘तू चुकतोयस’ ने सुरुवात करू नका, ‘कंटाळलायस का रे’ असं विचारून बघा आणि मग गप्प बसा, बोलू दे त्याला. कंटाळा हेच कारण निघालं तर त्यावर खरे उपाय आहेत. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन ही इंजेक्शनं महिन्याला किंवा दोन महिन्यांनी घ्यायची असतात, एफडीएची मंजुरी जानेवारी २०२१ ची, आणि ती ज्यांचा लोड आधीच दबलेला आहे त्यांच्यासाठीच प्रामुख्याने आहेत, म्हणजे त्याच्यासारख्यांसाठी. सगळीकडे मिळत नाहीत, आणि हिपॅटायटिस बी असेल तर नुसत्या त्यांच्यावर भागत नाही, पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? आणि हे पण सांगा त्याला की त्या इंजेक्शनांसाठी पात्र राहायचं असेल तर आजची गोळी चुकवून लोड वर जाऊ देणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे.

‘थोडे दिवस थांबतो, मग नवीन घेतो’ हे लोकांनी करून बघितलेलं आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्मार्ट नावाची ट्रायल होती, ५४७२ माणसं, अर्ध्यांना औषध अखंड, अर्ध्यांना सीडी४ चांगला असेल तेव्हा ब्रेक. २००६ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली कारण ब्रेकवाल्या गटात मृत्यू किंवा गंभीर आजाराचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. तेव्हाची औषधं आजच्यापेक्षा त्रासदायक होती, तरी ती चालू ठेवणंच बरं ठरलं.

त्या कॅप्सूलचं काय करायचं, तर घ्यायच्या नाहीत, संपलं. नैसर्गिक असल्या तरी. आत काय आहे लिहिलंय का? नसेल तर प्रश्नच मिटला, आणि असेल तर ते पाकीट डॉक्टरांना दाखवा. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची एक वनस्पती ‘नैसर्गिक’ म्हणूनच विकली जाते आणि ती डोल्युटेग्राविर आणि फॉस्टेमसाविर दोन्हींचं रक्तातलं प्रमाण पाडते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम असलेल्या टॉनिकच्या गोळ्या आणि अॅसिडिटीची काही औषधं सुद्धा डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून टाकतात, त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. म्हणजे फायदा शून्य आणि चालू असलेलं औषध मात्र पांगळं, असा सौदा. देणाऱ्याला एवढंच विचारायला सांगा की ही कुठल्या ट्रायलमध्ये, किती माणसांवर, किती आठवडे तपासली. गप्प बसेल बघा.

तुमच्या स्वतःबद्दल, नाही, तुम्हाला काहीही घ्यायची गरज नाही. एका घरात राहून, एका ताटात जेवून, एकच बाथरूम वापरून, मिठी मारून एचआयव्ही होत नाही. आणि ज्याचा लोड अनडिटेक्टेबल आहे त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही जात नाही, पार्टनर नावाच्या अभ्यासात शेकडो जोडप्यांचा कंडोमशिवायचा संबंध वर्षानुवर्षं तपासला आणि त्या पद्धतीने झालेल्या केसेस शून्य निघाल्या. हे त्यालाही ऐकवा, त्याच्या मनात लग्नाबिग्नाचा विचार असेल तर जास्तच. फॉस्टेमसाविर तर प्रतिबंधासाठी मंजूरच नाही.

राहिली ट्रोपिझम टेस्ट. व्हायरस सीसीआर५ वापरतो की सीएक्ससीआर४ एवढंच ती सांगते, आणि ती मॅराव्हिरॉक सुरू करण्याआधी लागते, कारण सीएक्ससीआर४ वाला व्हायरस असेल तर मॅराव्हिरॉक निरुपयोगी. फॉस्टेमसाविरला ती लागत नाही, त्याच्या आत्ताच्या गोळीलाही नाही. त्यावर पैसे घालवू नका, त्याऐवजी व्हायरल लोड आता कधी करायचा ते उद्याच्या फोनवर विचारा, दोन डोस चुकलेत म्हटल्यावर डॉक्टर कदाचित नेहमीपेक्षा लवकर बोलावतील.